दोन बोटं कमी

आधी तो आस कुणा जर्मन शेतकऱ्याच्या पिकअपचा होता,
मग सासऱ्यांच्या गाढवगाडीचा झाला.
बावीस वर्षं त्याच्यावरून पाणी गेलं, सरपण गेलं,
एकदा मी गेले, नवरी होऊन, चर्चपर्यंत.
झग्याला लागलेला वंगणाचा डाग
अजून तसाच आहे.
रेहोबोथमध्ये लोखंड कुणी टाकून देत नाही.
त्याला फक्त दुसरं काम देतात.

तर हर्मानुसनं ट्रेलर करायला घेतला, अंगणातल्या बाभळीखाली.
चौकट दवाखान्याच्या मोडीतल्या खाटांची,
पत्रा खाटकाच्या शीतखोलीचा
(ऊन चढलं की अजून मेंढराचा वास येतो),
बिजागरी चर्चच्या मुक्या पियानोची, पास्टरला विचारून.
ठिणगीआधी तो ओरडायचा, "डोळे मीट!"
मी मिटायचे. पापणीच्या आतही निळंच.

फानी बेउकेस रोज कुंपणावर कोपरं टेकून म्हणायचा,
वाळूत रुतणार हे, हर्मानुस, लिहून ठेव.
आठव्या दिवशी स्वतःच दोन रुंद टायर घरंगळत घेऊन आला
आणि पुन्हा तेच म्हणाला.

मी एकच मागितलं होतं:
माझ्या तीनपायी बिडाच्या भांड्याला एक खण.
टेप पोरगा घेऊन गेला होता विंडहुकला,
म्हणून यानं वितीनं मोजलं.
माझी वीत वेगळी, त्याची वेगळी,
एकोणतीस वर्षांत हे काही त्याच्या ध्यानात आलेलं नाही.
खण झाला देखणा, हिरवा रंग, कडी पितळेची,
आणि उंचीला दोन बोटं कमी.

मग काय. आठशे किलोमीटर
भांडं माझ्या मांडीत बसून आलं,
तीन पाय तीन ठिकाणी रुतवत.
मागे खडीच्या रस्त्याच्या लाटांवर
साखर, कॉफी आणि अर्ध्या इंचाचे नट
एकजीव होत होते.

होआनिबच्या कोरड्या पात्रात,
जिथं हत्तींची लीद अजून ओली होती, तिथं
कट्कन आवाज आला.
कमानपाटा.
हर्मानुस खाली आडवा झाला आणि बोलेना.
त्याचं रागाचं गप्प राहणं मला माहीत आहे,
हिशोबाचंही. हे तिसरंच होतं.
मी वाळूत बसून राहिले. काय म्हणणार?
फानी म्हणाला होता, एवढं तर नाहीच म्हणायचं.

ऊन कलताना चार गाढवं आली, मागे गाडी,
गाडीत एलिफास नावाचा म्हातारा आणि एक खुडूक कोंबडी.
तो वाकला. तुटलेल्या पात्याकडे त्यानं पाहिलंच नाही,
आसावर हात फिरवला,
साखळीनं झिजलेल्या खाचेपाशी थांबला.
"हा गाढवांकडचा," म्हणाला,
सुनेचं माहेर ओळखावं तसं.
मग मोपानेची फांदी तोडली, तासली,
पाट्याखाली बसवली.
हर्मानुसनं तार धरली, त्यानं पीळ दिला.
अंधार पडला तेव्हा ट्रेलर
जरासा तिरका, पण उभा होता,
आणि भांड्यात मक्याचं पीठ रटरटत होतं, तिघांपुरतं.

सकाळी पैसे पुढे केले तर म्हातारा हसला.
त्याचं लक्ष खणाकडे.
गाडी हादरते, कोंबडी अंड्यांवर टिकत नाही.
दिला काढून.
ती आत शिरली, गोल फिरली, पिसं फुगवून बसली,
जणू तिच्याच मापानं केला होता.

ट्रेलरला आता एक चौकोनी भोक.
भांडं तिथं ठेवून पाहिलं.
जेमतेम, पण मावलं.
हर्मानुसनं माझ्याकडे पाहिलं, मग हाताच्या वितीकडे.
मी भांडं परत उचललं,
पुढच्या सीटवर जाऊन मांडीत घेतलं,
"चल," म्हटलं. "हळू घे."